डोळ्यांत दिसणारा कवटीतला दाब: सुरुवातीला एवढंच बघ

पॅपिलिडीमा (कवटीतला दाब वाढल्याने डिस्कला, म्हणजे डोळ्याच्या आत मागे दिसणाऱ्या नेत्रनर्व्हच्या टोकाला, आलेली सूज) हुडकायच्या नादात नवीन माणूस पेशंटशी बोलायचंच विसरतो, म्हणून आधी विचार: वाकल्यावर किंवा उठताना काही सेकंद डोळ्यांपुढे अंधारी येते का? लांबचं बघताना एकाचे दोन दिसतात का, आणि एक डोळा झाकल्यावर ते थांबतं का?

दोन प्रतिमा शेजारी-शेजारी दिसत असतील तर डोळा बाहेरच्या बाजूला पूर्ण वळतो का ते बघ. डोळा बाहेर वळवणारी सहावी नर्व्ह कवटीतला दाब वाढला की सहज ताणली जाते. पण म्हणून मेंदूतली गाठ त्या नर्व्हपाशीच आहे असं समजू नकोस. ही खूण जागेबाबत चकवते. तान्ह्या बाळाची बुबुळं खाली झुकून वर पांढरा भाग दिसत असेल तर डोक्यावरची टाळू चाचपून बघ, डोक्याचा घेर मोज.

सुरुवातीच्या नेहमीच्या चुका:

- चार्ट ६/६ वाचला म्हणून निश्चिंत होणं. मधली नजर बरेच दिवस शाबूत राहते.
- डिस्क नॉर्मल म्हणून दाब नॉर्मल धरणं. सूज यायला तास, कधी दिवस लागतात.
- बाहुल्या न तपासता, न नोंदवता त्या मोठ्या करणारे थेंब घालणं. (हे तर कधीच नको.)
- रक्तदाब न बघणं. तो फार वाढला तरी दोन्ही डिस्क सुजतात.

डिस्कवरच्या शिरेचं स्पंदन, ड्रुझेन (डिस्कमधले कॅल्शियमचे साठे) वगैरे सध्या राहू दे. आधी भरपूर नॉर्मल डिस्क बघ. शंका आली तर मात्र त्याच दिवशी वरिष्ठांना दाखव, पुढची तारीख देऊ नकोस.