मटार शेवटी, मेथी आज

(एप्रिल २०२०)

प्रश्न: ताई, आमच्या इमारतीत दुसऱ्या मजल्यावर कोरोनाचा रुग्ण सापडला आणि परवापासून इमारत १४ दिवसांसाठी सील झाली. घरात आम्ही दोघं, बारा वर्षांचा मुलगा आणि सासूबाई. दूध फाटकापर्यंत येतं, बाकी काही आणता येत नाही. तांदूळ ८ किलो, कणीक ८ किलो, तूरडाळ १ किलो, शिवाय मूग, मटकी, चवळी आणि चणाडाळ प्रत्येकी अर्धा किलो आहे. भाजीत मेथीच्या दोन जुड्या, कोथिंबीर, किलोभर टोमॅटो, एक दुधी, एक कोबी, कांदे-बटाटे. फ्रीजरमध्ये २ किलो मटार, खवलेला नारळ, अर्धा किलो कोळंबी. पुरेल की नाही या धास्तीने ताजी भाजी जपून ठेवलीय आणि सध्या मटारवर भागवतेय. रात्रीचं जेवण मी सोडलंय. बरोबर करतेय ना?
— म. क., ठाणे

उत्तर: तुमचं पत्र ईमेलने आलं, त्याच रात्री तुम्हाला उत्तर पाठवलं. तेच इथे सगळ्यांसाठी देते, कारण अशी पत्रं या महिन्यात बरीच आली आहेत.

आधी शेवटच्या ओळीबद्दल. आज रात्री जेवा. मी तुमच्या यादीचा हिशोब मांडून पाहिला. तांदूळ आणि कणीक मिळून १६ किलो, म्हणजे चौघांना चौदा दिवस माणशी रोज पावणेतीनशे ग्रॅमच्या वर. डाळी-कडधान्यं ३ किलो, म्हणजे माणशी रोज पन्नास ग्रॅमच्या वर. वर दूध आहे, कांदे-बटाटे आहेत. तुमच्या घरात धान्याला तोटा नाही. तोटा ताज्या भाजीचा आहे, आणि तो तुम्ही उपाशी राहून भरून निघणार नाही. टंचाईची नुसती चाहूल लागली तरी घरातली बाई आधी स्वतःचं ताट लहान करते. माझ्या आईने ते केलं, मीही केलंय. घरात आजारपण आलं तर उठबस तुम्हालाच करायची आहे, तेव्हा अंगात ताकद हवी.

आता भाजी. क्रम नेमका उलटा करा. फ्रीजरमधले मटार कुठे पळून जात नाहीत, मेथी मात्र तिसऱ्या दिवशी पिवळी पडते. म्हणून मेथी आजच निवडा. एका जुडीची भाजी, दुसरीचे ठेपले, ते दोन दिवस चालतात. कोथिंबिरीचे देठ आमटीत घाला, पानं कागदात गुंडाळून कोरड्या डब्यात ठेवा. मग पिकलेले टोमॅटो. निम्मे शिजवून, गाळून, वाटी-वाटीच्या डब्यांतून फ्रीजरमध्ये टाका. मग दुधी, सालांची तीळ घालून चटणी करा. कोबी दुसऱ्या आठवड्यातही चांगला राहतो. वरची पानं काढत जा, अख्खा चिरून ठेवू नका. बटाटे आणि कांदे एका टोपलीत नकोत, दोन्ही लवकर खराब होतात. आणि भाजी साबणाच्या पाण्यात बुडवू नका, तो पोटात जातो. साध्या पाण्याने धुवा, तेही करायच्या वेळी. ओली भाजी फ्रीजमध्ये सडते.

मटार शेवटच्या आठवड्यासाठी. हवे तेवढे वाटीत काढून पिशवी लगेच आत टाका. कोळंबी आदल्या रात्री खालच्या खणात काढून ठेवा आणि सुटलेली सगळी त्याच दिवशी शिजवा, दुपारी भात, रात्री कालवण. सुटलेली कच्ची कोळंबी पुन्हा गोठवू नका.

हे मी कळकळीने सांगतेय, कारण २००५ च्या जुलैमध्ये कल्याणला आमच्या घरी तीन दिवस वीज नव्हती. मी दर तासाला फ्रीजर उघडून बघत होते की मटार अजून कडक आहेत का. त्या बघण्यानेच ते लवकर गेले. बंद दाराचा, गच्च भरलेला मोठा फ्रीजर दोन दिवस गार राहतो, आपल्या फ्रीजच्या वरच्या छोट्या खणाला तेवढी आशा धरू नका. वीज गेली तर दार उघडूच नका.

ताज्या भाजीची उणीव कडधान्यांनी भरून काढा. माझं माहेर गुहागर तालुक्यातलं. नारळी पौर्णिमेपर्यंत होड्या समुद्रात जात नसत आणि पावसात बाजाराची वाट बंद व्हायची. मे महिन्यातच आई आगोटीची, म्हणजे पावसाळ्याच्या साठवणीची, तयारी करायची. आमसुलं, कुळीथ, सुकट, मातीत लडबडून ठेवलेल्या फणसाच्या आठळ्या. त्या चार महिन्यांत मोडाची उसळ हीच आमची भाजी. एक वाटी मटकी रात्री भिजवा, सकाळी उपसून फडक्यात बांधा. या उकाड्यात संध्याकाळपर्यंत मोड फुटतात आणि वाटीच्या अडीच वाट्या होतात. मग लगेच फ्रीजमध्ये ठेवा, नाहीतर बुळबुळीत होतात. मोड आले की त्यात कोरड्या दाण्यात नसलेलं क जीवनसत्त्वही येतं. एक दिवस मटकी, एक दिवस चवळी नारळ लावून, एक दिवस मुगाचं बिरडं. सासूबाईंना चावायला जड जात असेल तर त्यांच्या वाटणीचं बिरडं जास्त शिजवून घोटून द्या. मधेच एकदा वरणफळं करा, ती मुलाला नक्की आवडतील, आणि त्या दिवशी भाजी लागतच नाही.

प्रश्न: मी ७१ वर्षांचा, नागपुरात एकटा. मुलगी परदेशात आहे. डबा बंद झाला. चहा आणि भात एवढंच येतं. — द. व.

उत्तर: काका, भात येतो म्हणजे खिचडीही येईल. अर्धी वाटी तांदूळ, पाव वाटी मूगडाळ, दोन्ही धुऊन सव्वादोन वाट्या पाणी, हळद, मीठ, चमचाभर तूप. कुकरला चार शिट्या. एवढ्यात तुमची दोन वेळची सोय होते. पण नागपूरच्या उन्हाळ्यात उरलेली खिचडी ओट्यावर संध्याकाळपर्यंत ठेवू नका, वाफ गेली की लगेच फ्रीजमध्ये. रात्री पाणी घालून चांगली उकळू द्या. बटाटा असेल तर फोडी करून त्यातच टाका. फोडणी शिकायची असेल तर मुलीला व्हिडिओ कॉल लावा, तिच्याकडे सकाळ असेल तेव्हा. वरणफळांची कृती मी तुम्हाला वेगळी लिहून पाठवतेय, मोठ्या अक्षरात.