भारदस्त, खर्जातला की पहाडी?

प्रश्न असा आहे: एखाद्या ज्येष्ठ नटाची आठवण लिहिताना 'भारदस्त आवाज', 'खर्जातला आवाज' आणि 'पहाडी आवाज' हे तिन्ही शब्दप्रयोग एकाच माणसाला लावलेले दिसतात. ते समानार्थी आहेत का?

नाहीत. त्यातले 'खर्जातला' आणि 'पहाडी' तर जवळजवळ विरुद्ध टोकांना बसतात.

खर्ज म्हणजे मुळात षड्ज, आपला सा. उत्तरेकडे 'ष'चा उच्चार 'ख' करायची जुनी रीत. 'भाषा'चं 'भाखा' झालं तसं 'षड्ज'चं 'खरज' आणि मराठीत 'खर्ज'. गाणारी मंडळी तो शब्द मंद्र सप्तकातल्या सा साठी आणि सैलपणे त्या सगळ्या खालच्या पट्टीसाठी वापरतात. तंबोऱ्याच्या मधल्या दोन जोडीच्या तारा पोलादी, पण शेवटची खर्जाची तार जाड आणि पितळी असते. कारण साधं आहे: जाड, जड तार सावकाश कंप पावते, म्हणून सूर खाली जातो. गळ्यातही तेच. बोलताना पुरुषाचे स्वरतंतू सेकंदाला साधारण ८५ ते १८० वेळा कंप पावतात; त्यातल्या खालच्या टोकाला जो सहज बोलतो, त्याचा आवाज खर्जातला. अमरीश पुरींचा होता. खर्ज हे नाम असल्यामुळे 'खर्ज आवाज' असं मात्र लिहू नये. 'खर्जातला आवाज' किंवा 'तो खर्जात बोलतो'.

'पहाडी' ही शाहिरांची मिरास. मोकळ्या मैदानात, हजारोंच्या गर्दीवरून पलीकडे जाणारा, वरच्या पट्टीतला खुला आवाज. अमर शेख, शाहीर साबळे यांच्यासाठी तो शब्द चपखल बसतो. मंद, खोल बोलणाऱ्या नटाला 'पहाडी' म्हणणं म्हणजे ढोलाला तुतारी म्हणण्यासारखं आहे.

आता 'भारदस्त'. हा शब्द सुराबद्दल काहीच सांगत नाही. भारदस्त माणूस, भारदस्त घराणं, भारदस्त भाषा असं आपण म्हणतोच. त्यात वजन आणि दबदबा आहे. आवाजाला तो लावला की ऐकणाऱ्यावर काय परिणाम झाला ते कळतं, आवाज कसा होता ते कळत नाही. म्हणूनच मृत्युलेखात तो इतका स्वस्त झाला आहे. नट वारला की 'भारदस्त' ठरलेला.

पण त्याची योग्य जागा आहे. डॉ. श्रीराम लागूंचं उदाहरण घ्या. ते पेशाने कान-नाक-घशाचे सर्जन, म्हणजे गळ्याची यंत्रणा त्यांना आतून ठाऊक. १९७० साली 'नटसम्राट' रंगमंचावर आलं. त्यात लागूंनी केलेल्या बेलवलकरांच्या लांबलचक स्वगतांचं वजन नुसत्या खोल सुरावर पेलत नाही. ते येतं विरामांतून, सावकाश लयीतून आणि शब्द पूर्ण उच्चारण्यातून. लागूंना 'भारदस्त' किंवा 'धीरगंभीर' म्हणा, पण तेवढ्यावर थांबू नका. विराम आणि लयीबद्दलही एखादं वाक्य लिहा. 'सामना' चित्रपटात त्यांच्यासमोर निळू फुले आहेत. फुल्यांचा आवाज खरखरीत आणि बोलणं ओढत ओढत, तरी दरारा कुठेच कमी नाही. त्यांना कुणी 'पहाडी' म्हणणार नाही, आणि एकटं 'भारदस्त'ही अपुरं पडतं. 'खरखरीत' किंवा 'घोगरा' हे पोताचे शब्द तिथे जास्त काम करतात. 'घोगरा' ही शिवी आहे असं समजून तो टाळायचं कारण नाही.

भारदस्तपणा आणायला काही नवे नट सूर मुद्दाम खाली दाबतात, तिथे गडबड होते. दाबून काढलेल्या सुरात व्यंजनं बोथट होतात, आणि श्वास संपत आला की वाक्याचं शेपूट पडतं. मराठीत क्रियापद आणि 'नाही' बहुधा शेवटीच येतात. शेपूट गिळलं की मागच्या रांगेला 'मी हे करणार नाही'मधलं 'मी हे करणार...' एवढंच पोचतं, अर्थ उलटा. शब्द शेवटपर्यंत मागच्या रांगेला पोचवणं यासाठी नाटकवाल्यांचा शब्द आहे 'शब्दफेक', आणि फेक म्हणजे ओरडणं नव्हे. शिवाय रोज असं दाबत राहिलं की आवाज 'बसतो'. वर चढवताना तुटला तर 'चिरकतो', ताकदीपलीकडे ओढला तर 'फाटतो', आणि वयात येताना 'फुटतो' तो वेगळाच. ही चार क्रियापदं एकमेकांच्या जागी चालत नाहीत.

'आवाज हरपला' हा मथळाही जपून वापरावा. विक्रम गोखल्यांनी घशाच्या त्रासामुळे २०१६ साली रंगमंच सोडला, पण चित्रपटांत ते त्यानंतरही काम करत राहिले, निधन २०२२चं. नाटकापुरता आवाज थांबणं आणि माणूस जाणं यांत सहा वर्षांचं अंतर होतं. गेलेल्या नटासाठी 'हरपला' लिहायचं असेल तर कर्ता 'आवाज' न ठेवता 'नट' ठेवावा.