नेटवर मिळाले म्हणून आपले झाले का?

या महिन्यात आलेल्या पत्रांपैकी तीन पत्रे मुक्त परवान्यांविषयी आहेत. वरळीच्या पत्राला सविस्तर उत्तर देणे आवश्यक वाटले. उरलेल्या दोघांनी संक्षेपाबद्दल राग मानू नये.

प्रश्न : गेली काही वर्षे मी वरळी कोळीवाड्यातील नारळी पौर्णिमेची छायाचित्रे काढतो आणि त्यांतील निवडक छायाचित्रे विकिमीडिया कॉमन्स या मुक्त छायाचित्रांच्या संकेतस्थळावर ‘सीसी बाय-एसए ४.०’ या परवान्याखाली ठेवतो. यंदा एका कापड दुकानाने वाटलेल्या दिनदर्शिकेवर माझेच छायाचित्र दिसले. कडा कापलेल्या, समुद्र अधिक निळा केलेला आणि माझे नाव कुठेच नाही. विचारले तेव्हा ‘नेटवर फुकट होते’ एवढेच उत्तर मिळाले. मला काय करता येईल? दिलेली परवानगी आता परत घेता येईल का?
— एक हौशी छायाचित्रकार, वरळी

उत्तर : मुंबईत ‘लिव्ह अँड लायसन्स’वर घर देणारा मालक घराची मालकी देत नाही, काही अटींवर वापरायला देतो, हे कोणालाही समजावून सांगावे लागत नाही. क्रिएटिव्ह कॉमन्सचे, म्हणजे ‘सीसी’ने सुरू होणारे परवाने, ज्यांची पहिली आवृत्ती डिसेंबर २००२ मध्ये आली, याच जातीचे आहेत. छायाचित्राचे स्वामित्वहक्क आजही तुमचेच आहेत. घराच्या करारापेक्षा फरक आहे तो दोन बाबतींत : येथे भाडेकरू ठरलेला नसतो, अटी पाळणाऱ्या जगातील कोणालाही वापराची मुभा असते, आणि येथे अकरा महिन्यांची मुदत नसते, स्वामित्वहक्क जिवंत असेपर्यंत परवाना चालतो व तो मागे घेता येत नाही. तुम्ही छायाचित्र उद्या संकेतस्थळावरून काढून टाकलेत, तरी ज्यांनी ते आधीच रीतसर घेतले आहे त्यांचा हक्क कायम राहील. तुमच्या शेवटच्या प्रश्नाचे उत्तर त्यामुळे ‘नाही’ असे आहे.

आता दुकानदाराकडे वळू. त्याने छायाचित्र धंद्यासाठी वापरले, ही तक्रार तुम्हाला करता येणार नाही. तुमच्या परवान्यात व्यापारी वापराला मनाई नाही, आणि मनाई असलेली छायाचित्रे कॉमन्सवर स्वीकारलीच जात नाहीत. कडा कापण्याला आणि रंग बदलण्याला मुभा होती. नव्हती ती नाव गाळण्याला. ‘बाय’ या दोन अक्षरांचा अर्थच श्रेय देण्याची अट असा आहे, आणि ती पाळायला एक ओळ पुरते : दिनदर्शिकेच्या पानाखाली बारीक टायपात ‘छायाचित्र : अमुक, परवाना : सीसी बाय-एसए ४.०, कडा व रंगांत बदल’ असे छापून परवान्याचा पत्ता दिला असता, तर तुम्हाला हे पत्र लिहावे लागले नसते. ‘एसए’मुळे आणखी एक जबाबदारी येते. बदललेले छायाचित्र त्याच परवान्याखाली इतरांना खुले ठेवावे लागते. संपूर्ण दिनदर्शिका खुली करावी लागते असा मात्र याचा अर्थ नाही. ही भीती मी अनेक मुद्रकांकडून ऐकली आहे आणि ती अनाठायी आहे.

अटी मोडल्या की परवाना आपोआप संपतो, आणि त्यानंतरचा वापर हा १९५७ च्या कॉपीराइट कायद्याखाली साधा हक्कभंग ठरतो. मनाईहुकूम आणि नुकसानभरपाई हे दोन्ही मार्ग खुले होतात. तथापि परवान्याच्या चौथ्या आवृत्तीत एक सवलत आहे : चूक लक्षात आल्यापासून ३० दिवसांच्या आत ती सुधारली, तर गेलेला हक्क परत मिळतो, मात्र आधीच्या भंगाबद्दल दाद मागण्याचा तुमचा अधिकार त्यामुळे बुडत नाही. म्हणून माझा सल्ला असा की वकिलाच्या नोटिशीने सुरुवात न करता तारीखवार, पोच घेतलेले पत्र द्यावे, सोबत कॉमन्सवरील पानाची व दिनदर्शिकेची छापील प्रत जोडावी, आणि शिल्लक प्रतींवर श्रेयाची चिकटपट्टी लावण्याची मागणी करावी. वाटून झालेल्या प्रतींबद्दल मानधन मागण्यात काहीच गैर नाही.

एक गोष्ट तुम्ही विचारलेली नाही, पण सांगायला हवी. सोनेरी नारळ घेऊन निघालेल्या ज्या स्त्रीचा चेहरा या छायाचित्रात ओळखू येत असेल, तिची संमती तुमच्या परवान्यात येत नाही. तुम्ही देऊ शकता ते छायाचित्रकाराचे हक्क. तिचा खासगीपणा व तिच्या चेहऱ्याचा जाहिरातीसाठी होणारा वापर हा वेगळा प्रश्न आहे, आणि दुकानाच्या नावाखाली स्वतःला पाहून तिला तुमच्याहून अधिक वाईट वाटले असण्याची शक्यता आहे. तिला एकदा भेटून या.

प्रश्न : आमच्या दिवाळी अंकासाठी एका हिंदी कथेचा मराठी अनुवाद छापायचा आहे. कथेखाली ‘सीसी बाय-एनसी-एनडी’ असे लिहिले आहे. लेखकाचे नाव ठळक दिले तर चालेल ना?
— संपादक, दादर

उत्तर : चालणार नाही. ‘एनडी’ असलेल्या कलाकृतीत बदल करून तो इतरांपर्यंत पोहोचवता येत नाही, आणि अनुवाद हा बदलच आहे. घरी स्वतःपुरता करा, छापू नका. मूळ हिंदी कथा जशीच्या तशी छापायची म्हटली तरी ‘एनसी’ ही व्यापारी वापराला मनाई करणारी अट आडवी येते. आमचे मंडळ नोंदणीकृत न्यास आहे, नफा कमावत नाही, असे आपण पुढे लिहिले आहे. परंतु परवाना वापरणारा कोण हे पाहत नाही, वापर मुख्यत्वे आर्थिक लाभासाठी आहे का ते पाहतो. किंमत लावून विकल्या जाणाऱ्या आणि जाहिरातींवर उभ्या असलेल्या अंकाचे यावर कसे उत्तर देणार? सीमारेषा धूसर आहे हे मान्य, पण धूसर जागी संपादकाने उभे राहू नये असे माझे मत आहे. परवाना हा लेखकाचा शेवटचा शब्द नसतो. त्याला पत्र लिहा, मानधन सांगा आणि मराठी अनुवादापुरती परवानगी लेखी घ्या. तोंडी होकारावर पाने छपाईला पाठवू नका.

प्रश्न : साने गुरुजींच्या गोष्टी शाळेच्या संकेतस्थळावर ठेवून त्यांवर आम्ही मुक्त परवाना लावू शकतो का?
— एक शिक्षिका, परळ

उत्तर : गोष्टी ठेवा, परवाना लावू नका. आपल्याकडे लेखकाच्या निधनानंतरच्या वर्षारंभापासून ६० वर्षे हक्क राहतात. गुरुजी जून १९५० मध्ये गेले, म्हणजे त्यांच्या हयातीत प्रसिद्ध झालेल्या लेखनावरील हक्क ३१ डिसेंबर २०१० रोजी संपले आणि १ जानेवारी २०११ पासून ते सर्वांचे झाले. जे सर्वांचे आहे त्यावर अटी घालण्याचा हक्क शाळेकडे कोठून येणार? विद्यार्थ्यांनी काढलेली चित्रे व तुम्ही लिहिलेल्या टिपा यांना परवाना जरूर द्या, चित्रांसाठी पालकांची लेखी संमती घेऊन. आणि अलीकडच्या आवृत्तीची पाने जशीच्या तशी स्कॅन करू नका. तिच्यातील प्रस्तावना आणि रेखाटने दुसऱ्या कोणाची तरी असतात. मजकूर नव्याने टाइप करून घेणे उत्तम. सातवीच्या वर्गाला ते काम दोन शनिवारांत होईल, शुद्धलेखनाचा सराव वेगळाच.