माकड नव्हे, गनीम

मूळ कोडला हात न लावता, प्रोग्राम चालू असताना बाहेरून त्याचं वागणं बदलणं, याला प्रोग्रामर ‘मंकी पॅच’ म्हणतात. त्याला मराठीत ‘माकडठिगळ’ म्हणता येईल का, आणि यात माकड आलं कुठून, असा प्रश्न आहे.

माझ्या मते माकड सोडून द्यावं. ते ऐकण्याच्या घोळातून शिरलंय. पायथॉन या प्रोग्रामिंग भाषेतल्या ‘झोप’ (Zope) या वेब अ‍ॅप्लिकेशन सर्व्हरवर काम करणारी मंडळी आधी ‘गरिला पॅच’ म्हणत, असं सांगतात. गरिला म्हणजे गनिमी युद्ध. मूळ स्पॅनिश शब्दाचा अर्थ ‘छोटं युद्ध’. इंग्रजीत गरिला आणि गोरिला कानाला सारखेच लागतात. युद्धाचा झाला गोरिला, आणि गोरिलाचं पुढे माकड. मराठीत हा घोळ होऊच शकत नाही, कारण आपल्याकडे गनिमी कावा आहे. ‘गनीम’ हा अरबीतून फारसीमार्गे आलेला शब्द, अर्थ शत्रू. मुघल मराठ्यांना गनीम म्हणत. तोच शब्द आपण अभिमानाने ठेवून घेतला.

आता ‘ठिगळ’. रूबी या प्रोग्रामिंग भाषेत स्ट्रिंग (म्हणजे मजकूर) हा भाषेचा स्वतःचा क्लास, म्हणजे साचा. तुम्ही तुमच्या फाइलीत ‘क्लास स्ट्रिंग’ लिहिलंत की नवा क्लास बनत नाही, जुनाच उघडतो. आत नवी मेथड (म्हणजे क्रिया) घाला, ती त्या प्रोग्राममधल्या प्रत्येक स्ट्रिंगला मिळते. जुन्याच नावाची घातलीत तर जुनीची जागा ती घेते. रेल्स या रूबीच्या वेब फ्रेमवर्कमध्ये ‘३.डेज.अगो’ (तीन दिवसांपूर्वी) लिहिता येतं ते याच वाटेने: ३ या आकड्याला ‘डेज’ रूबीने दिलेलं नाही, रेल्सने बाहेरून जोडलंय. (पायथॉन इतकी मोकळीक देत नाही, तिथे आपले क्लास आणि मॉड्यूल बदलता येतात, पण मूळच्या स्ट्रिंगला हात लावला की ‘टाइपएरर’ ही चूक येते.)

मूळ फाइल उघडून पाहिली तर एक अक्षरही बदललेलं नसतं. मग याला ‘रफू’ का म्हणू नये? ठिगळ दिसतं, रफू दिसत नाही. मीही बराच वेळ रफूकडे झुकलो होतो. पण रफूत फाटलेलंच कापड धाग्याने सांधतात. इथे परका तुकडा जोडला जातो, तोही बरेचदा धडधाकट कापडावर. म्हणून ठिगळच, आणि लपून लावलेलं म्हणून ‘गनिमी ठिगळ’. बोलताना ‘पॅच मारला’ म्हणतो, तर ‘गनिमी पॅच मारला’ही सहज तोंडात बसतं.

रूबीच्या ‘रिफाइनमेंट’ला (ठरावीक जागेपुरताच क्लास बदलण्याची सोय) मात्र हे नाव देऊ नये. तिथे वापरणाऱ्याला ‘यूझिंग’ असं उघड लिहावं लागतं, आणि बदल तेवढ्यापुरताच राहतो. ते साधं ठिगळ.