फिलेटची प्रत मोजण्यासाठी संशोधन निधी: अर्जात काय मागावे?

प्रश्न: आमचा मत्स्यपालकांचा गट आहे. मासे गोड्या पाण्यातले. फिलेट (काटे काढून कापलेले मांसाचे तुकडे) मऊ पडतात, रक्ताचे डाग दिसतात म्हणून खरेदीदार भाव कापतो. प्रत मोजण्याच्या संशोधनाला निधी मिळतो असे कळले. त्यातून मोजणी यंत्र घेता येईल का?

उत्तर: यंत्राचा विचार तूर्त बाजूला ठेवा. संशोधन निधी एखाद्या प्रश्नाचे उत्तर शोधण्यासाठी असतो. नुसते ‘यंत्र हवे’ म्हणून अर्ज टिकत नाही. तुमचा प्रश्न तुमच्या तक्रारीतच आहे: मांस मऊ कशाने पडते, आणि ते आधी ओळखता येईल का?

मूळ बरेचदा मासे काढण्याच्या पद्धतीत असते. जाळ्यातल्या गर्दीत मासा झगडून दमला, की स्नायूंत लॅक्टिक आम्ल साठते, पीएच झपाट्याने उतरतो (म्हणजे आम्लता वाढते), मेल्यानंतरचा ताठरपणा लवकर येतो. पुढे मांस पाणी सोडते, थर सुटू लागतात. डाग राहतात ते हाताळताना मार लागल्याने किंवा रक्त वेळेत न काढल्याने. म्हणून मासा किती काळ उपाशी ठेवला, जाळ्यात किती वेळ होता, बर्फात कधी गेला, याची नोंद प्रत्येक नमुन्यासोबत हवीच. ती नसेल तर महागड्या मोजणीतूनही कारण सापडणार नाही. या नोंदी आजपासून सुरू करा, त्यांना निधी लागत नाही.

आता खर्चाचे. ७८० ते २५०० नॅनोमीटरच्या अवरक्त प्रकाशावर चालणारी यंत्रे फिलेट न कापता चरबी आणि ओलावा सांगतात. पण त्यासाठी तेच नमुने आधी यंत्राखाली धरून, मग प्रयोगशाळेत तपासून दोन्ही आकड्यांचा मेळ बसवावा लागतो, आणि माशाची जात बदलली की बहुधा पुन्हा. खरा पैसा इथे लागतो. यंत्राला भरघोस आणि तपासण्यांना नाममात्र रक्कम दाखवलेला अर्ज मला तरी कच्चा वाटतो.

ताजेपणासाठी ट्रायमिथाइल अमीनची (शिळ्या माशाला वास आणणाऱ्या संयुगाची) चाचणी घालू नका. ती समुद्री माशांना लागू पडते, गोड्या पाण्यातल्या माशांत त्याचा मूळ घटकच फार कमी असतो. त्याऐवजी के-मूल्य मागा. मेल्यानंतर स्नायूंतले एटीपी (पेशींना ऊर्जा पुरवणारे संयुग) टप्प्याटप्प्याने मोडते, ते किती मोडले हे त्यातून कळते; वास येण्याच्या बऱ्याच आधी.

मुख्य अर्जदार संशोधन संस्था आणि तुम्ही भागीदार, अशी मांडणी करा. खरेदीदारालाही सोबत घ्या, कारण नाकारलेले फिलेट त्याच्याकडेच असतात. आणि सगळे निकाल गटालाही मिळतील, हे करारात आधीच लिहून घ्या.