दोरीवरचे कपडे आणि बघणाऱ्यांच्या नजरा

मागच्या अंकात एका उत्तरात मी सहज लिहून गेले की मला बाहेर दोरीवर वाळणारे कपडे बघायला आवडतात. एवढंच एक वाक्य, पण त्यावर इतकी पत्रं आली की यावेळचं अख्खं सदर त्यालाच द्यावं लागतंय. निम्मी पत्रं भांडणाची आहेत हे आधीच सांगून टाकते.

प्रश्न: ताई, आमच्या बिल्डिंगच्या कमिटीने नोटीस लावलीय की रस्त्याकडच्या बाल्कनीत कपडे वाळत घालायचे नाहीत, शोभा जाते आणि फ्लॅटचे भाव पडतात म्हणे. आमच्याकडे ऊन फक्त त्याच बाजूला येतं. भांडू की गप्प बसू?

उत्तर: भांडू नका, पण गप्पही बसू नका. आधी हे बघा की हे काय फक्त तुमच्याच कमिटीच्या डोक्यातून आलेलं नाहीये. अमेरिकेत कितीतरी वसाहतींच्या नियमांत कपड्यांच्या दोरीला सरळ बंदी असते आणि कारण अगदी हेच, भाव पडतो. म्हणजे तिथल्या लोकांच्या मनात हिशोब असा की दोरी दिसली म्हणजे या घराला ड्रायर, म्हणजे कपडे वाळवायचं मशीन, परवडत नाही, आणि एकाला परवडत नाही म्हणजे सगळी गल्लीच तशी. खरं तर शर्ट-पँटीचा राग कुणालाच नसतो हो, त्यातून गरिबी दिसेल याची भीती असते. मग ड्रायरची वीज वाचवायचा विचार सुरू झाला तसे काही राज्यांनी उलटे कायदे केले, की दोरीला बंदी घालता येणार नाही. फ्लोरिडाने १९८० मध्येच केला, कोलोरॅडोने २००८, व्हरमाँटने २००९, कॅलिफोर्नियाने २०१५, आणि कॅनडात ऑन्टारियोने २००८ मध्ये असल्या बंद्या उठवल्या.

पण हे सांगून लगेच कमिटीच्या अंगावर धावून जाऊ नका, कारण कॅलिफोर्नियाच्या कायद्यात सुद्धा सूट आहे ती स्वतःच्या हक्काच्या परसातल्या दोरीला आणि स्टँडला, बाल्कनी आणि कठडा हे दोरी म्हणून धरायचे नाहीत असं त्यात स्पष्ट लिहिलंय. म्हणजे कठड्यावर चादर टाकायला तिथेही कुणी पाठिंबा देत नाहीये. आणि मला स्वतःला ते पटतं, कारण कठड्यावरची ओली चादर वाऱ्याने उडून खालच्याच्या डोक्यावर पडते, यात शोभेचा काय संबंध, हा सरळ त्रास आहे.

तर तुम्ही मीटिंगमध्ये एवढंच विचारा की नेमका त्रास काय. पाणी गळणं, कपडे खाली पडणं, खालच्याचं ऊन अडणं, हे त्रास खरे आहेत आणि त्यावर उपाय निघतो, दोरी कठड्याच्या उंचीच्या खाली बांधायची किंवा घडीचा स्टँड आतल्या बाजूला ठेवायचा, बाहेर काही लटकवायचं नाही, दुपारपर्यंत काढून घ्यायचं. "वाईट दिसतं" एवढंच उत्तर आलं तर मग म्हणा, दिसतं म्हणजे कुणाला? ऑस्ट्रेलियात परसदारी गोल फिरणारी दोऱ्यांची छत्री असते, १९४५ मध्ये ॲडलेडच्या लान्स हिलने घरच्या अंगणात बनवून मग विकायला सुरुवात केली. (त्याच्याही आधी गिल्बर्ट टॉइन नावाच्या माणसाने तशाच फिरत्या दोरीची पेटंटं घेतली होती, पण नाव झालं हिलचं, असं होतंच.) ती छत्री तिथे अभिमानाची वस्तू आहे. तेच ओले कपडे, तीच दोरी. एकीकडे दंड आणि एकीकडे कौतुक, आता बोला.

आणि हो, कमिटीतले एक काका मीटिंगमध्ये "घरची धुणी चव्हाट्यावर" म्हणाले असं तुम्ही पुढे लिहिलंय. त्यांना सांगा की म्हणीत फक्त धुवायला मनाई आहे, वाळत घालायला नाही.

प्रश्न: ताई, मी चोवीस वर्षांची आहे. आतले कपडे दोरीवर घातले की आई लगेच वरून टॉवेल टाकते, आणि पाळीचे कापडी पॅड तर बाथरूमच्या दाराच्या मागे वाळवायला लावते. मी विरोध केला की "लोक बघतात" एवढंच ऐकवते. बाबांच्या नि भावाच्या बनियनवर मात्र कधी टॉवेल पडत नाही!

उत्तर: तुझं पत्र मी दोनदा वाचलं आणि शेवटच्या वाक्याला हसले, मग हसू गेलं. अगं, उलटं आहे बघ सगळं. घरातला कुठला कपडा सगळ्यात खणखणीत वाळायला हवा? जो अंगाला घट्ट चिकटून दिवसभर राहतो, घामात असतो, तो. आणि लाजेपायी आपण नेमका तोच टॉवेलखाली कोंडतो, जिथे वारा लागत नाही, ऊन लागत नाही, आणि इलॅस्टिकची शिवण संध्याकाळपर्यंत ओलसरच राहते. मग सकाळी घाई असते, "वाळलंय जवळजवळ" म्हणून तसंच अंगात घालतो. ओलसर आणि उबदार जागा बुरशीला फार आवडते, जांघेत खाज, चट्टे, वारंवार इन्फेक्शन, त्यामागे हे एक साधं कारण असू शकतं. असा त्रास आधीपासून असेल तर डॉक्टरला दाखव, नुसत्या उन्हावर सोडू नकोस. पॅडचं तर बोलायलाच नको, ते साबणाने नीट धुऊन उन्हात, मोकळ्या हवेत पूर्ण कोरडे करूनच परत वापरायचे असतात. दाराच्या मागची जागा म्हणजे बाथरूमचा सगळा दमटपणा त्यांच्यातच.

आईशी मात्र वाद घालू नकोस, तिला हे तिच्या आईने शिकवलंय आणि बहुतेक कुणाच्या तरी नजरेचा तिला खरंच अनुभव असणार, आपल्याला माहीत नसतो. तडजोड सांगते. दोन दोऱ्या समांतर बांध, बाहेरच्या दोरीवर चादरी-शर्ट आणि आतल्या दोरीवर हे कपडे, मध्ये वीतभर तरी अंतर सोड, म्हणजे पडदा होतो पण वारा खेळतो. झाकायचं असेल तर समोरून झाक, वरून नाही. हे आईला पटतं असा माझा अनुभव आहे, मी माझ्या आईला असंच पटवलं होतं, पण मला चाळिशी उलटेपर्यंत सुचलं नव्हतं ही गोष्ट वेगळी. एक काळजी घे, इलॅस्टिक आणि नायलॉन कडक उन्हात दिवसभर तळले की लवकर सैल पडतात, तेव्हा पूर्ण वाळले की लगेच काढून घे.

बनियनवर टॉवेल टाकायचा प्रयोग मात्र एकदा करून बघ आणि काय होतं ते मला कळव.

प्रश्न: उन्हात वाळलेल्या टॉवेलला तो छान वास कसला येतो? आणि तोच टॉवेल पापडासारखा कडक का होतो?

उत्तर: गंमत म्हणजे या दोन्हीवर २०२० मध्येच संशोधन छापून आलंय. कोपनहेगनच्या संशोधकांनी धुतलेले टॉवेल घरात, बाहेर सावलीत आणि बाहेर उन्हात असे वाळवले, आणि उन्हातल्या टॉवेलांमधून पेंटॅनल, ऑक्टॅनल, नोनॅनल अशी संयुगं निघाली जी बाकीच्यांत सापडली नाहीत. असली संयुगं झाडापानांत असतात, अत्तरांतही असतात. म्हणजे तो वास मनाचा खेळ नाही.

कडकपणाचं जपानमधल्या संशोधकांनी शोधलं. सुती धाग्यांवर थोडंसं पाणी शेवटपर्यंत चिकटून राहतं आणि तेच डिंकासारखं धाग्याला धागा धरून ठेवतं. म्हणून वाळत घालताना एकदा जोरात झटका, अर्धा वाळला की परत झटका, आणि वाळल्यावर दोन हातांत चोळा, मऊ पडतो. वाऱ्याच्या दिवशी हे काम वाराच करतो.

पण एक सांगते, ऊन म्हणजे जादू नाही. ओल्या फडक्याचा जो कुबट वास असतो ना, तो मोरॅक्सेला नावाच्या जंतूमुळे येतो असं जपानमध्येच २०१२ मध्ये दाखवलं गेलं, आणि हा पठ्ठ्या वाळण्याला आणि अतिनील किरणांना बऱ्यापैकी पुरून उरतो. तेव्हा कपड्याला तो वास लागलाच असेल तर आधी कापडाला सोसेल तेवढ्या गरम पाण्यात भिजवून धुवा आणि मग उन्हात टाका. नुसतं उन्हात टाकून वास गेल्यासारखा वाटतो, घाम आला की परत हजर.

प्रश्न: वरच्या मजल्यावरच्या वहिनी न पिळता कपडे घालतात, आमचे वाळलेले कपडे परत ओले होतात. तीनदा सांगितलं.

उत्तर: चौथ्यांदा सांगू नका, एक ओली चादर घेऊन वर जा आणि दाखवा. शब्दांपेक्षा चादर चालते. त्यांच्या मशीनला स्पिन असेल तर ती जास्त वेळ लावायला सांगा, त्यांचेही कपडे लवकर वाळतील. हाताने धुत असतील तर बाथरूममध्ये अर्धा तास निथळत ठेवून मग बाहेर घालायचे. आणि वेळ ठरवून घ्या, त्यांचं धुणं आधी, तुमचं नंतर. इथे मी पूर्ण तुमच्या बाजूने आहे. आपला कपडा आपल्या दोरीवर हा हक्क, पण त्याचं पाणीसुद्धा आपलंच ना!

प्रश्न: मी एकटा राहतो. रविवारी गच्चीवर कपडे वाळत घालायला गेलो की शेजारचे "काय, घरकाम सुरू?" म्हणून हसतात. काय उत्तर देऊ?

उत्तर: "हो, तुमचे आणू का?" म्हण. एक-दोन रविवारांत थांबतील. आणि शर्ट खालच्या कडेला चिमटे लावून उलटा टांग, खांद्यावर चिमट्याचे फुगे येत नाहीत, इस्त्री कमी लागते. हे बघून त्यातलाच कुणीतरी उद्या टीप विचारायला येईल.

प्रश्न: पावसाळी हवेत आम्ही सगळं घरातच वाळवतो. मुलाला दमा आहे. हे बरं की ड्रायर घ्यावा?

उत्तर: आधी हिशोब करू. चार किलो कोरडे कपडे मशीनमधून नीट पिळून निघाले तरी त्यात दोन किलोच्या आसपास पाणी असतं. खोटं वाटलं तर वजनकाट्यावर बादली ठेवून बघा. म्हणजे दोन लिटर पाणी. ते वाळलं म्हणजे गेलं कुठे, तर तुमच्या खोलीच्या हवेत, आणि तिथून थंड भिंतीवर, कपाटाच्या मागे, गादीत. तिथे बुरशी धरते, आणि दमेकऱ्याला बुरशी वाईट. म्हणून झोपायच्या खोलीत वाळवणं आधी बंद करा. एकच खोली ठरवा, तिचं दार बंद, खिडकी उघडी, पंखा चालू. दोन कपड्यांत चार बोटं अंतर ठेवा. वाळायला गरमीपेक्षा वारा जास्त कामाचा, हे लोक विसरतात आणि स्टँड दाटीवाटीने भरतात. बाल्कनीला वर छप्पर असेल तर बाहेर पाऊस असला तरी कपडे तिथेच घाला, हळू वाळतील पण ओल घराबाहेर राहील.

ड्रायरला माझा विरोध नाही. लहान बाळ, आजारपण, कोंदट घर, घ्यावाच. फक्त समजून घ्या की एक लिटर पाणी वाफ करून उडवायला साधारण ०.७ युनिट इतकी ऊर्जा लागतेच, ती ऊन-वारा फुकट देतो आणि ड्रायर मीटरवर टाकतो. साधा ड्रायर एका फेरीला दोन ते चार युनिट खातो, हीट पंपवाला (म्हणजे तीच उष्णता परत परत वापरणारा) साधारण निम्मं, पण घेताना महाग पडतो. शिवाय जाळीत जो कापसासारखा पुंजका जमतो ना, ते आपलेच कपडे असतात, झिजलेले. ती जाळी दर वेळी साफ करा, नाहीतर आग लागायचा धोका असतो. आणि ज्या ड्रायरची दमट हवा पाइपने बाहेर सोडायची असते त्याचा पाइप खरंच घराबाहेर काढा, खोलीत सोडलात तर दोन लिटर पाणी परत तिथेच.

अजून एक, मुलाला फुलांच्या परागाची ॲलर्जी असेल तर त्या दिवसांत त्याची चादर आणि उशीचा अभ्रा बाहेर घालू नका, पराग ओल्या कापडाला चिकटून थेट उशीवर येतात. इथे माझी आवडती दोरी हरली, कबूल.

प्रश्न: आजी म्हणते रात्री कपडे बाहेर ठेवू नयेत, अशुभ असतं. खरं काय?

उत्तर: शुभ-अशुभ आजीला लखलाभ, पण कपडे आत घ्यायचं ती बरोबर सांगतेय. रात्री हवा थंड झाली की तिच्यात बाष्प मावत नाही, दव पडतं, आणि दुपारी वाळलेला कपडा पहाटे परत दमट होतो. किडे येऊन बसतात ते वेगळंच. फार थंडीत तर ओला कपडा गोठून फळीसारखा उभा राहतो, आणि गंमत अशी की हवा कोरडी असेल तर गोठूनही तो वाळत जातो, बर्फाची थेट वाफ होते. फक्त तसला कपडा घडी घालायला जाऊ नका, धागे तुटतात.

एखादी रात्र विसरलात तर सकाळी ऊन चढेपर्यंत थांबा आणि झटकून मगच आत घ्या, आणि आजीला सांगायची काही गरज नाही.