विद्यार्थ्याचा पहिला संशोधन प्रकल्प : वाचकांच्या प्रश्नांना उत्तरे

कोकणातील वैद्यकीय महाविद्यालयांत शिकणारे विद्यार्थी, त्यांचे पालक आणि शिक्षक यांनी पदवीच्या काळात करावयाच्या संशोधन प्रकल्पाविषयी पाठवलेल्या प्रश्नांपैकी पाच प्रश्न येथे घेतले आहेत. शेवटचा प्रश्न एका आशाताईंचा, म्हणजे गावपातळीवरील आरोग्य स्वयंसेविकेचा आहे.

प्रश्न : मी एम.बी.बी.एस.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) विद्यार्थी संशोधन योजनेसाठी ‘कोकणातील लेप्टोस्पायरोसिस : कारणे, निदान आणि प्रतिबंध’ हा विषय मी निवडला आहे. विषय फार मोठा आहे, असे गाईड म्हणतात. मग लहान विषयाला किंमत कोण देणार? – एक विद्यार्थिनी, सिंधुदुर्ग

तुमच्या गाईडचे म्हणणे योग्य आहे. 1979 पासून चालत आलेल्या या योजनेत प्रत्यक्ष कामासाठी दोन महिने मिळतात, आणि तुम्ही निवडलेले शीर्षक पाठ्यपुस्तकातील एका प्रकरणाचे आहे. त्यात प्रश्नच नाही. एखाद्या आरोग्य उपकेंद्राच्या क्षेत्रात भातलावणी करणाऱ्यांना लेप्टोस्पायरोसिस होऊ नये म्हणून डॉक्सिसायक्लिनच्या गोळ्या वाटल्या जात असतील, तर त्यांपैकी किती जणांनी त्या खरोखर घेतल्या आणि ज्यांनी घेतल्या नाहीत त्यांनी का घेतल्या नाहीत, हा प्रश्न आहे. त्याचे उत्तर आकड्यात येते, ते दोन महिन्यांत मिळते आणि तालुका आरोग्य अधिकाऱ्यांच्या उपयोगी पडते. नमुन्याचा हिशेबही आवाक्यात राहतो. सामाजिक वैद्यकशास्त्रात शिकलेले ‘चार पीक्यू भागिले एलचा वर्ग’ हे सूत्र येथे वापरा; पी म्हणजे अपेक्षित प्रमाण, क्यू म्हणजे 100 वजा पी आणि एल म्हणजे चालवून घेतलेली चूक. गोळ्या घेणाऱ्यांचे प्रमाण 50 टक्के धरले आणि दोन्ही बाजूंना 10 टक्क्यांची चूक चालवून घेतली, तर 100 माणसे पुरतात; चूक 5 टक्क्यांवर आणायची म्हटले, तर 400 लागतात. पावसात वाडीवाडी फिरून 400 माणसे एका विद्यार्थिनीला गाठता येणार नाहीत, तेव्हा 100 माणसांचे काम चोख करावे.

लहान विषयाच्या किमतीविषयी एक उदाहरण देतो. 1915-16 साली अमेरिकेत बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात जे मॅक्लीन नावाचा विद्यार्थी प्राध्यापक विल्यम हॉवेल यांच्या प्रयोगशाळेत गेला आणि एका वर्षात पूर्ण होईल असे काम मागू लागला. मेंदूपासून काढलेला, रक्त गोठवणारा एक पदार्थ कितपत शुद्ध आहे ते तपासावे, एवढेच मर्यादित काम हॉवेल यांनी त्याला दिले. ते करताना यकृतापासून काढलेल्या अर्कात रक्त गोठू न देणारा गुण असल्याचे त्याच्या लक्षात आले. प्राध्यापकांचा विश्वास बसेना, तेव्हा त्याने मांजराच्या रक्तात तो अर्क मिसळून भांडे त्यांच्या टेबलावर ठेवले आणि रक्त गोठले की मला सांगा, असे म्हटले; ते रक्त गोठलेच नाही, अशी आठवण मॅक्लीन यांनी पुढे सांगितली आहे. आज ज्याला आपण हेपॅरिन म्हणतो, त्याच्या शोधाची ही सुरुवात. काम लहान आणि आखीव होते म्हणूनच त्यातली विसंगती त्या विद्यार्थ्याच्या डोळ्यांत भरली, असे मला वाटते.

प्रश्न : पदव्युत्तर प्रवेश परीक्षेत संशोधनाला गुण नसतात. मुलाने दोन महिने त्यात का घालवावेत? आणि खेड्यातल्या कॉलेजात कसले संशोधन होणार? – एक पालक, देवगड

प्रवेश परीक्षेतील क्रमांक या प्रकल्पाने वाढणार नाही, हे आपले म्हणणे खरे आहे. परीक्षा तोंडावर असताना मुलाने प्रकल्प घेऊ नये, हेही मी मान्य करतो. परंतु एम.डी. किंवा एम.एस. करताना त्याला प्रबंध लिहावाच लागेल, आणि त्या वेळी रुग्णसेवेच्या धबडग्यात संशोधनाचा श्रीगणेशा करण्याची वेळ त्याच्यावर येऊ नये. आपल्या दुसऱ्या शंकेला महाडने कधीच उत्तर दिले आहे. लाल विंचू चावलेले रुग्ण तेथे दगावत असताना डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी खाटेजवळ बसून नाडी, रक्तदाब आणि घाम यांच्या नोंदी ठेवल्या. 1982 साली त्यांची निरीक्षणे ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आली आणि पुढे विंचूदंशावर प्राझोसिन या औषधाचा उपचार रूढ झाला. हे संशोधन खेड्यातच होऊ शकत होते, कारण ते रुग्ण तेथेच येत होते.

प्रश्न : मी नव्याने सहायक प्राध्यापक झालो आहे. माझ्या विद्यार्थ्यांनी प्रस्तावना इंटरनेटवरून उतरवून काढल्या आणि काही प्रश्नावल्या बहुधा घरी बसून भरल्या. देखरेख म्हणजे नेमके काय करायचे? – एक शिक्षक, रत्नागिरी

आपल्याकडे देखरेख म्हणजे सुरुवातीला एक सही आणि शेवटी एक सही, असा समज रूढ झाला आहे आणि त्याचा दोष विद्यार्थ्यांकडे जात नाही. पहिल्या दिवशी तुम्ही स्वतः त्यांच्याबरोबर वाडीत गेले पाहिजे आणि पहिल्या दहा प्रश्नावल्या त्यांच्यासमोर, त्यांच्या चुका दुरुस्त करत भरून घेतल्या पाहिजेत. माझ्या सुरुवातीच्या काळातील एका सर्वेक्षणात ‘दम्याचा त्रास आहे का?’ असा प्रश्न होता. डोंगरउतारावरच्या एका वाडीत दम्याचे रुग्ण आम्हाला अवाच्या सवा सापडले. मी स्वतः गेल्यावर उलगडा झाला. घाटी चढताना ‘दम लागता’, असे आजी सांगत होत्या आणि घाटावरून आलेला माझा विद्यार्थी ‘दमा – होय’ अशी खूण करत होता. मालवणी किंवा संगमेश्वरी बोलणाऱ्या माणसाला प्रमाण मराठीतला प्रश्न कसा ऐकू येतो, हे कार्यालयात बसून कळत नाही.

कोणाला विचारायचे आणि केव्हा विचारायचे, हेही प्रत्यक्ष ठिकाणी जाऊनच शिकवता येते. गणपतीत घरोघरी फिरलात, तर चाकरमान्यांचा रक्तदाब मोजून याल आणि तो गावाचा म्हणून लिहाल. 1 जून ते 31 जुलै या मासेमारी बंदीच्या काळात बंदरावर माणसे निवांत भेटतात खरी, पण बाहेरगावचे खलाशी तेव्हा आपापल्या घरी गेलेले असतात. मग ज्यांच्या पाठदुखीचा अभ्यास करायचा, तेच नमुन्यातून निसटतात.

घरी बसून भरलेल्या प्रश्नावल्या ओळखणे अवघड नाही. दर आठवड्याला मूळ कागद मागून घ्या आणि आकडे वाचा. रक्तदाबाच्या साऱ्या नोंदी 120, 130, 140 अशा शून्यावर संपत असतील, तर एक तर यंत्र नीट वाचलेले नाही किंवा मोजलेच नाही. शंभरांपैकी पाच घरांना तुम्ही स्वतः पुन्हा भेट द्याल, हे आधीच सांगून ठेवा. चूक सापडली, तर चारचौघांत बोलू नका; विद्यार्थ्याला एकट्याला बसवून ती प्रश्नावली रद्द करायला लावा आणि पुन्हा पाठवा. प्रस्तावनेसाठी दहा शोधनिबंध उतरवून काढण्यापेक्षा तीनच नीट वाचून प्रत्येकात काय कमी आहे ते मराठीत तोंडी सांगायला लावा, मग उतरवून काढण्याची गरजच उरत नाही.

प्रश्न : काजू कारखान्यातील महिलांच्या हातांवरील त्वचाविकारांवर मी प्रकल्प केला. हातमोजे वापरणाऱ्या आणि न वापरणाऱ्या महिलांत लक्षणीय फरक आढळला नाही. आणखी वीस महिला घे, फरक दिसेल, असे एक वरिष्ठ सांगतात. काय करू? – एक विद्यार्थी

घेऊ नका. आराखड्यात ठरवलेली संख्या पूर्ण झाली, की मोजणी तेथे थांबते. हवे ते उत्तर येईपर्यंत माणसे वाढवत नेली, तर नसलेला फरकही केव्हा ना केव्हा दिसतोच. तुमच्या बाबतीत मला दुसरीच शंका येते. काजूच्या टरफलातील तेलाने कातडी भाजते हे त्या महिलांना कोणी सांगावे लागत नाही. ज्यांचे हात आधीच सोलवटले, त्यांनीच मोजे वापरायला सुरुवात केली असेल, तर दोन गटांत फरक कसा दिसणार? मोजे केव्हापासून वापरता आणि त्रास केव्हा सुरू झाला, हे दोन प्रश्न तुमच्या प्रश्नावलीत होते का, ते पाहा. नसतील, तर ती मर्यादा अहवालात स्वच्छ शब्दांत लिहा. फरक आढळला नाही हाही निष्कर्ष आहे, आणि तो का आढळला नसेल याची तुम्ही केलेली चर्चा हा तुमच्या प्रकल्पाचा सर्वांत मोलाचा भाग होईल.

प्रश्न : दरवर्षी मुलं-मुली कागद घेऊन येतात, मी त्यांना घरं दाखवते. लोक मला विचारतात, याचं पुढे काय झालं? मी काय सांगू? – एक आशाताई, दोडामार्ग तालुका

ताई, हा प्रश्न आम्हा शिक्षकांना कोणीतरी विचारायलाच हवा होता. माकडतापाच्या भीतीत दिवस काढलेल्या तुमच्या भागातील लोकांनी रक्ताचे नमुने दिले, वेळ दिला, घरातली माहिती दिली. तिचे काय झाले हे कळणे हा त्यांचा हक्क आहे. आयसीएमआरची 2017 ची नैतिक मार्गदर्शक तत्त्वेही संशोधनाचा लाभ आणि त्याचे निष्कर्ष सहभागी लोकांपर्यंत पोहोचवण्यास सांगतात. विद्यार्थ्याने एखाद्या काकांचा रक्तदाब मोजला आणि तो 180 निघाला, तर कागदावर आकडा लिहून निघून जाणे हा अपराध आहे. त्याच दिवशी चिठ्ठी देऊन त्यांना प्राथमिक आरोग्य केंद्रात पाठवलेच पाहिजे. संमती मिळवणे हे विद्यार्थ्याचे काम आहे, तुमचे नाही. तुमच्या शब्दाखातर लोक ‘हो’ म्हणत असतील, तर ती संमती खरी नव्हे, म्हणून संमतीचा कागद वाचला जात असताना तुम्ही जरा बाजूला थांबावे. सात वर्षांवरील मुलांना विचारायचे असेल, तर आईवडिलांच्या संमतीबरोबर मुलाचा होकारही घ्यावा लागतो. तुमचा दिवस मोडतो त्याचा मोबदला प्रकल्पाच्या खर्चात धरलेला असावा.

पुढच्या वेळी मुले आली, की तीन गोष्टी मागून घ्या : नैतिकता समितीच्या मंजुरीच्या पत्राची प्रत, गाईडचा फोन नंबर आणि निष्कर्ष सांगायला ते वाडीत परत येणार ती तारीख. तारीख मिळाल्याशिवाय घरे दाखवू नका.